सीटीसी की ऑर्थोडॉक्स? चहाचं रोप लावण्याआधी करायची तुलना

चहाचा मळा लावायचं मनात आलं की माणूस आधी जमीन बघतो, मग रोपवाटिका शोधतो, मग खर्चाचा अंदाज काढतो. या मळ्यातून दाणेदार सीटीसी (क्रश, टिअर, कर्ल म्हणजे चिरडणं, फाडणं, वळणं) चहा करायचा की वळलेल्या पत्तीचा ऑर्थोडॉक्स, हा प्रश्न बहुतेक वेळा पहिली खुडणी तोंडावर आल्यावर निघतो. तोवर झुडपं दोन-तीन वर्षांची झालेली असतात आणि त्यांची जात आता बदलता येत नाही. चहाचं झुडूप नीट राखलं तर पन्नास वर्षं आणि त्याहूनही जास्त काळ पीक देतं, कारखान्यातली यंत्रं त्यामानाने लवकर बदलता येतात. म्हणून हा निर्णय रोपं मागवण्याआधी व्हायला हवा. पुढची तुलना त्यासाठीच आहे.

दोन्ही प्रकारांना लागणारी जमीन सारखीच, म्हणून तो भाग थोडक्यात उरकतो. मातीचा सामू 4.5 ते 5.5 हवा. पाऊस वर्षाला किमान 1200 मिलिमीटर आणि शक्यतो वर्षभर विभागून पडणारा हवा. पाणी साचता कामा नये, कारण चहाची मुळं साचलेल्या पाण्यात गुदमरतात. उतारावर लागवड समपातळीत करायची आणि सावलीसाठी सिल्व्हर ओक किंवा शिरीषाच्या कुळातली झाडं लावायची. जमीन चुनखडीची असेल तर चहाचा विचार इथेच सोडा. तिथे खतं ओतून काहीही साधत नाही.

कारखान्यात काय बदलतं

दोन्ही काळे चहाच आणि दोन्हींचं रोप एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. खुडलेलं पान दोन्हींत आधी कोमवतात, मग त्याच्या पेशी फोडतात, हवेशी संयोग होऊ देतात, वाळवतात आणि शेवटी चाळून प्रतवारी करतात. फरक पडतो पेशी फोडण्याच्या पद्धतीत.

ऑर्थोडॉक्समध्ये कोमवलेलं पान गोल फिरणाऱ्या रोलिंग टेबलावर दाबाखाली वळलं जातं. पान पिळवटतं, रस पृष्ठभागावर येतो, पण पत्ती बऱ्याच अंशी पत्तीच राहते. सीटीसीमध्ये पान दातेरी रोलरांच्या जोडीतून जातं. त्यातला एक रोलर दुसऱ्याच्या सुमारे दहापट वेगाने उलट दिशेला फिरतो, त्यामुळे पान चिरडलं जातं, फाटतं आणि गोळीसारखं वळतं. अशा तीन-चार जोड्या एकामागे एक असतात. हे यंत्र विल्यम मॅककर्चर यांनी 1930च्या सुमारास आसामातल्या अमगुरी मळ्यात घडवलं. आज भारत आणि केनिया या दोन मोठ्या उत्पादक देशांत बहुतांश चहा याच पद्धतीने होतो. श्रीलंका मात्र आजही मुख्यतः ऑर्थोडॉक्स करते.

पान किती कोमवायचं, इथूनच वाटा वेगळ्या होतात. खुडलेल्या पानात पंचाहत्तर ते ऐंशी टक्के पाणी असतं. सीटीसीला ते सत्तरच्या आसपास आलं तरी पुरतं. ऑर्थोडॉक्ससाठी पान लवचीक व्हायला हवं, नाहीतर टेबलावर ते वळण्याऐवजी तुटतं. म्हणून पाणी आणखी उतरवावं लागतं आणि दार्जिलिंगमध्ये तर कोमवणी फारच कडक असते. याचा अर्थ ऑर्थोडॉक्सला तेवढ्याच पानासाठी कोमवणीचे वाफे (पान पसरून ठेवायच्या जागा) जास्त लागतात आणि पावसाळी दमट हवेत ते जास्त वेळ अडकून राहतात. नवा कारखाना आखताना हीच जागा कमी धरली जाते आणि मग भर हंगामात पान जमिनीवर पसरायची वेळ येते.

पुढचा टप्पा आंबवणीचा. नाव आंबवणी असलं तरी यात जंतूंचा काही भाग नसतो. पानातलंच पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ हे विकर हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने काम करतं आणि थिआफ्लेविन, थिआरुबिजिन तयार होतात. पहिल्यामुळे चहाला चकाकी आणि जिभेला जाणवणारा तरतरीतपणा येतो, दुसऱ्यामुळे रंग आणि भरीवपणा. सीटीसीत पेशी जवळजवळ सगळ्याच फुटलेल्या असल्याने हे काम साधारण तासाभरात, थोड्या इकडेतिकडे, उरकतं. ऑर्थोडॉक्सला वळणीसकट दोन ते चार तास लागतात. वेळ जास्त म्हणजे चुकायलाही वाव जास्त. तिथे नाकाने वास ओळखणारा आणि योग्य क्षणी माल ड्रायरकडे ढकलणारा माणूस लागतो. सीटीसीची साखळी अखंड चालते, माणसं कमी लागतात, मात्र रोलरांच्या दातांना वरचेवर धार लावावी लागते. धार गेली की दाणा मऊ आणि तपकिरी येतो. दोन्ही प्रकारांत शेवटी ओल तीन टक्क्यांच्या आसपास आणायची असते.

एवढं वाचून ऑर्थोडॉक्स म्हणजे कौशल्याचा आणि सीटीसी म्हणजे नुसत्या यंत्राचा चहा, असा समज करून घेऊ नका. चांगल्या मळ्याचा, वेळेत खुडलेला सीटीसी उत्तम असतो. दुधाच्या चहात जो रंग आणि कडकपणा हवा असतो तो देण्याची त्याची ताकद ऑर्थोडॉक्सला नाही, आणि तेवढ्याच वजनात कपही जास्त निघतात.

खरा निर्णय खुडणीत होतो

आता मुख्य मुद्दा. साधारण साडेचार किलो हिरव्या पानापासून एक किलो तयार चहा मिळतो. हा उतारा दोन्ही प्रकारांत फारसा बदलत नाही. बदलतं ते पानाच्या गुणवत्तेचं मोल.

ऑर्थोडॉक्समध्ये पत्ती डोळ्यांना दिसते. दोन कोवळी पानं आणि कळी एवढंच खुडलं असेल तर पत्ती काळसर, वळलेली आणि टोकांना सोनेरी येते. त्यात तिसरं-चौथं जून पान किंवा वाढ थांबलेला वांझ कोंब मिसळला, तर टेबलावर ते वळतच नाही. चपट्या तपकिरी पापड्या आणि लालसर देठ चाळणीत उरतात आणि खरेदीदार नमुना हातावर घेताच भाव पाडतो. सीटीसीतही जून पानाने चहा फिका पडतो, तंतू वाढतात, भाव उतरतो. पण रोलर बरंच काही झाकून घेतात आणि उतरलेला माल निदान विकला तरी जातो.

म्हणून माझं मत असं, की निवड करताना तुमच्या मळ्याचा सर्वांत चांगला आठवडा डोळ्यांपुढे आणू नका. सर्वांत वाईट आठवडा आणा. तो आठवडा भर पावसाळ्यात येतो. कोंब एकाच वेळी फुटतात, सात दिवसांत पुन्हा त्याच झुडपाशी यायला हवं आणि नेमकी तेव्हाच माणसं मिळत नाहीत. फेरा दहा-बारा दिवसांवर गेला की कोंब वाढून जून होतात.

एक हिशेब मांडून बघा. समजा दहा हेक्टर मळा आहे आणि हेक्टरी दोन हजार किलो तयार चहा निघतो, म्हणजे हेक्टरी नऊ हजार किलो हिरवं पान. वर्षाच्या पिकाचा पंधरा टक्के वाटा एका महिन्यात आला, तर त्या महिन्यात दहा हेक्टरांवर आठवड्याला तीन हजार किलोच्या थोडं वर पान खुडावं लागेल. साध्या खुडणीत माणशी चोवीस किलो धरले तर आठवड्याला सुमारे एकशे तीस मनुष्यदिवस, म्हणजे सहा दिवस रोज बावीस माणसं. आता बारीक खुडणी करायची ठरवली, तर माणशी वजन निम्म्यावर येतं. जून पान झुडपावरच राहिल्याने एकूण वजन पाचव्या हिश्शाने घटलं असं धरलं, तरी रोज पस्तीसच्या आसपास माणसं लागतात. तुमच्या भागात त्या महिन्यात एवढी हाताची माणसं मिळणार आहेत का, त्यांना वर्षाच्या उरलेल्या काळात काय काम देणार, आणि बारीक खुडणीसाठी वजनावरची मजुरी किती वाढवून देणार? पोटाला चिमटा बसेल असे दर ठेवून कुणी निवडून कोंब खुडत नाही आणि तशी अपेक्षा करणंही अन्यायाचं आहे. या तीन प्रश्नांना ठाम उत्तर असेल तरच ऑर्थोडॉक्सचा विचार पुढे न्यावा.

यंत्राने खुडणीचा पर्याय आहेच. जपानात तर दोघांनी धरून चालवायचं यंत्र दशकानुदशकं रुळलेलं आहे. केनियात यंत्रं वाढली तेव्हा रोजगार गेल्याचा राग उसळला आणि 2023मध्ये केरिचो भागात ती जाळली गेली. माणसांचा हा प्रश्न बाजूला ठेवून नुसतं पान पाहिलं तरी यंत्र कोवळं-जून निवडत नाही. असं मिश्र पान सीटीसीला चालवून घेता येतं, ऑर्थोडॉक्सला फार अवघड जातं.

हवामानही इथेच मोजायचं. आसामात हिवाळ्यात झुडपं विश्रांती घेतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारी जवळपास खुडणी नसते. पीक जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत गर्दी करतं. केनियातल्या विषुववृत्तीय उंच भागात, श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात खुडणी बारा महिने चालते. जिथे पीक वर्षभर पसरलेलं असतं तिथे कायम माणसं सांभाळणं परवडतं आणि बारीक खुडणी शक्य होते. जिथे चार महिन्यांत सगळं येतं, तिथे मे-जूनच्या चांगल्या बहरापुरता (कोंब फुटण्याच्या फेरीपुरता) ऑर्थोडॉक्स आणि पावसाळ्यात सीटीसी ही वाट काहीजण धरतात. ती मोठ्या मळ्यांची वाट आहे. दोन्ही यंत्रसामग्री ठेवून त्यातली एक सहा-आठ महिने झाकून ठेवणं नव्या माणसाने सुरुवातीलाच अंगावर घेऊ नये.

रोपं

आसामी जात मोठ्या पानाची, उष्ण-दमट हवेत जोमाने वाढणारी, भरपूर पीक देणारी. चिनी जात लहान पानाची, थंडी सोसणारी, हळू वाढणारी. मोठ्या पानाचा चहा गडद आणि भरीव, म्हणून सीटीसीचा भक्कम आधार. चिनी जातीचा सुगंध नाजूक, म्हणून उंचावरच्या ऑर्थोडॉक्सची ती पहिली पसंती. पण ही रेघ पक्की नाही. आसामातल्या मोठ्या पानांपासूनही उत्तम ऑर्थोडॉक्स होतो. दार्जिलिंगचे जुने मळे बहुतांश चिनी बियाण्याचे, तरी तिथे एव्ही 2 सारखा सुगंधी क्लोन (एकाच झुडपाच्या कलमांपासून वाढवलेला वाण) आज मानाने लावला जातो.

बियाण्याचं रोप की क्लोन, हा निर्णय मला जातीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. बियाण्याच्या रोपाला खोल सोटमूळ येतं, ते दुष्काळ सोसतं, पण प्रत्येक झुडूप वेगळं निघतं. एका पानाच्या छाटकलमापासून केलेले क्लोन एकसारखे वाढतात, कोंब एकाच वेळी येतात, कोमवणी-वळणीत पान सारखं वागतं. मुळं मात्र उथळ. आसामातल्या टोकलाई संशोधन केंद्राचा टीव्ही 1 हा 1949चा क्लोन दर्जा आणि उतारा यांच्या समतोलामुळे टिकला. टीव्ही 23 भरघोस पिकासाठी लावतात, दक्षिणेत उपासी 9 हा क्लोन दुष्काळ सोसण्यासाठी. संपूर्ण मळा एकाच क्लोनचा मात्र कधीही करू नका. ठिपकेदार करपा किंवा चहावरचा ढेकूण त्या एका क्लोनवर बसला तर अख्खं वर्ष जातं.

ऑर्थोडॉक्स नक्की नसेल तरी निम्मी रोपं दर्जाच्या क्लोनची लावावीत, असं मी सुचवेन. दर्जेदार झुडपाच्या पानाचा सीटीसी चांगलाच होतो. नुसत्या उताऱ्यासाठी लावलेल्या झुडपापासून पुढे कधी ऑर्थोडॉक्स करायचा म्हटला, तर कारागिरी करून सुगंध येत नाही.

विक्री

भावांची तुलना करताना नवखे लोक हमखास एका ठिकाणी फसतात. ऑर्थोडॉक्सचा सर्वांत वरच्या प्रतीचा भाव घेतात आणि आपल्या सगळ्या उत्पादनाला लावतात. एकाच वळणीतून अखंड पत्ती, तुटकी पत्ती (ब्रोकन), फॅनिंग्ज म्हणजे बारीक तुकडे आणि डस्ट म्हणजे भुकटी असे चारही गट निघतात आणि सगळ्यांत वरची सोनेरी टोकांची प्रत हा त्यातला छोटा वाटा असतो. खालच्या प्रतींचा भाव बराच उतरतो. हिशेब भारित सरासरीचाच करायचा. सीटीसीतही ब्रोकन, फॅनिंग्ज, डस्ट अशा प्रती आहेत, पण तिथे बारीक प्रतीलाही मोठी मागणी असते आणि चहाच्या पिशव्या भरणाऱ्यांना तीच हवी असते.

लिलावाची पद्धत दोन्हींना खुली आहे. कोलकात्यात ती 1861पासून चालू आहे, कोलंबोत 1883पासून. केनियातल्या मोम्बासाचा लिलाव पूर्व आफ्रिकेतल्या अनेक देशांचा माल विकतो. लंडनचा लिलाव 1998मध्ये बंद झाला आणि चहाचा भाव आता उत्पादक देशांतच ठरतो. नमुना दलालाकडे जातो, चाखणारा त्याची किंमत अंदाजतो, यादी निघते, बोली लागते. सीटीसी इथे सुरळीत खपतो. तो मिश्रणात जाणारा माल आहे, त्यामुळे एका मळ्याचा माल दुसऱ्याने सहज भरून काढता येतो. फायदा असा, की गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. तोटा असा, की पुरवठा वाढला की तुमच्या हातात काहीच उरत नाही. केनियात 2021मध्ये लहान उत्पादकांच्या चहाला किलोला 2.43 डॉलरचा किमान लिलावभाव ठरवला गेला. हेतू चांगला होता, पण न विकलेला साठा वाढत गेला आणि पुढे तो किमान भाव काढावा लागला.

ऑर्थोडॉक्सचे मोठे गिऱ्हाईक देश वेगळे आहेत. रशिया, इराण, इराक, तुर्कस्तान, संयुक्त अरब अमिराती, आणि चांगल्या मालासाठी जर्मनी, जपान. यातल्या काही देशांशी व्यवहार म्हणजे युद्ध, निर्बंध आणि चलनाची धास्ती. श्रीलंकेने इराणच्या तेलाचं सुमारे 25 कोटी डॉलरचं देणं चहा पाठवून फेडण्याचा करार डिसेंबर 2021मध्ये केला, तो पैसे पाठवण्याच्या वाटा बंद होत्या म्हणूनच. भाव चांगला असला तरी पैसे कधी हातात येतील हे तितकं पक्कं नसतं.

ऑर्थोडॉक्सची दुसरी बाजू उजळ आहे आणि ती मला मनापासून भावते. या चहाला गाव असतं, बहर असतो, उंची असते. दार्जिलिंगला भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं ते याच ओळखीवर. तिथल्या दुसऱ्या बहराच्या मस्कटेल (द्राक्षासारख्या) सुगंधात तुडतुड्यांसारख्या किडींनी कोंब चावल्याने झुडपात होणाऱ्या बदलांचा वाटा असतो. असा चहा मिश्रणात विरघळून जात नाही, खरेदीदार मळ्याचं नाव लक्षात ठेवतो. पण ती ओळख घडायला वर्षं लागतात, नमुने पाठवत राहावं लागतं, दरवर्षी तोच दर्जा द्यावा लागतो. निर्यात करायची तर कीटकनाशकांच्या अवशेषांच्या मर्यादा प्रत्येक बाजारात वेगळ्या असतात आणि एक खेप नाकारली गेली की लहान उत्पादक खचतो. फवारणीची वही पहिल्या दिवसापासून लिहा, चहा कोणताही करा.

तिसरी वाट

पाच-सहा हेक्टरांपर्यंतचा मळा असेल, तर दोन्हीपैकी कोणताच कारखाना काढू नये असं मी म्हणेन. हिरवं पान विकावं. भारतात आज निम्म्याहून अधिक चहा लहान उत्पादकांच्या पानापासून होतो, आणि केनियातल्या लहान शेतकऱ्यांचे कारखाने तर त्यांच्याच मालकीच्या संस्थेमार्फत चालतात. पान विकणाऱ्याची अडचण एकच पण मोठी आहे. खुडलेलं पान थांबत नाही. पोत्यात दाबून भरलं की ते तापतं, लाल पडतं आणि काही तासांत त्याची किंमत जाते, म्हणून फाटकावर उभ्या खरेदीदारासमोर घासाघीस करता येत नाही. हाकेच्या अंतरावर किमान दोन कारखाने असतील तरच या वाटेने जावं, किंवा शेजाऱ्यांना जोडून गट करावा.

मग कुणी काय निवडावं? सखल, उष्ण भाग, एका हंगामात गर्दी करणारं पीक, माणसांची टंचाई आणि ओळखीचा खरेदीदार नाही, तर सीटीसी. उंचावरची थंड हवा, बारा महिने पसरलेली खुडणी, टिकून राहणारी माणसं, दोन-तीन वर्षं कमी भावात काढण्याची ताकद आणि आधीच बोलून ठेवलेला खरेदीदार, तर ऑर्थोडॉक्स. यातला एकही मुद्दा निसटत असेल तर सीटीसीकडे झुकणं शहाणपणाचं.

रोपं वर सांगितल्याप्रमाणे लावूनही कारखान्याचा निर्णय टांगलेला असेल तर तो पुढे ढकलण्याची एक चांगली रीत आहे. पहिली खुडणी सुरू झाल्यावर दोन हंगाम फक्त पान विका. रोज शंभर ग्रॅम पान काढून कोवळे कोंब आणि जून पानं वेगळी तोला आणि वहीत मांडा. भर पावसाळ्यातल्या नोंदींतही कोवळ्या कोंबांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर टिकला, तर रोलिंग टेबलांची चौकशी सुरू करायला हरकत नाही.